दाताखालचा दाणा

जांभुळकोंडच्या आवडी उतेकरणीला दोन गोष्टींचा भारी तिटकारा. एक म्हणजे बशीत चहा ओतून सूंऽऽ करून ओढणारा बाप्या, आणि दुसरी म्हणजे दुसऱ्याच्या घरचं बी. पहिल्या गोष्टीशी तिनं तीस वर्षं संसार केला होता. पांडू तिचा नवरा, गरीब माणूस, चहा ओढण्यापलीकडे त्याचा कसला आवाज नव्हता. दुसऱ्या गोष्टीशी मात्र तिनं कधी तडजोड केली नाही. कोणी भाताचं बी दाखवायला आणलं की ती त्यातला एक दाणा उचलायची, दाताखाली धरायची, कट्कन फोडायची आणि थुंकून निकाल सांगायची, "कोंबड्यांना घाल."

तिचं स्वतःचं बी असं दाताखाली धरायची कोणाची छाती नव्हती. वैशाख लागला की आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या पाच कोंडांतली, म्हणजे लहान वाड्यांतली, माणसं तिच्या ओटीवर यायची, तांबड्या भाताचं बी न्यायची आणि सुगी झाली की मूठभर वाढवून परत आणून द्यायची. पेंढ्यात बी भरून घट्ट आवळून बांधलेल्या गोलमटोल मुड्या तिच्या माळ्यावर चुलीच्या धुरात असायच्या. त्या मुडीतला दाणा उगवला नाही असं कधी झालं नव्हतं. 'आवडीचा बी हाय' एवढं म्हटलं की पुढं कोणी बोलायचं नाही. मुलगा स्वराज मुंबईला कुरियरच्या कंपनीत होता. "आई, छोड ना वो सब, इकडं ये," म्हणून तो फोनवर कुरकुरायचा. आवडी म्हणायची, "तिकडं येऊन काय करू? तिकडं मला कोण वळखतंय? हितं पाच कोंडांत माझा नाव हाय." आणि ते खरंच होतं. तिच्याकडे सोनं नव्हतं, पक्कं घर नव्हतं, होतं ते नाव.

तर २००३ सालच्या उन्हाळ्यात ग्रामसेवक वर्दी घेऊन आला. विद्यापीठाची शेतकी शिकणारी पोरं शेवटच्या वर्षाला गावोगाव पाठवणार, चार महिने शेतकऱ्याच्या घरी राहणार, त्याच्या हाताला हात लावणार. जांभुळकोंडला एक पोरगा येईल, तो तुमच्याकडे ठेवा.

"शिकवायला येतोय का शिकायला?" आवडीनं विचारलं.

"दोन्हीला."

"मग एकपण व्हायचा नाय," आवडी म्हणाली. पण ठेवून घेतला. विद्यापीठाला पाच कोंडांतून आपलंच घर सुचलं, हे तिला आतून आवडलं होतं. ते ती मेली तरी कबूल करणार नव्हती.

पोराचं नाव मुकुल. महाडचा. चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर बापाचं चष्म्यांचं दुकान. पोरानं डॉक्टर व्हावं म्हणून बापानं देव पाण्यात घातले होते, पण मार्क कमी पडले. मग शेतकी. शेतकीलाही दोन-चार मार्क कमीच पडत होते, तेव्हा आजोबांच्या नावावरचा एक कातळाचा तुकडा आठवला. त्या तुकड्यावर कुसळ उगवत नव्हतं, पण सातबारा निघत होता. सातबारा जोडला की शेतकऱ्याच्या मुलाचे जादा मार्क मिळतात. अशा तऱ्हेनं चष्मेवाल्याचा मुलगा तलाठ्याच्या सहीशिक्क्यानं शेतकऱ्याचा झाला. इथं चिखलात जन्म काढलेल्या आईबापांनी पोरांना मुंबईला हॉटेलात पाठवलं, आणि हा बूट घालून शेतकरी. चालायचंच.

तो आला तेव्हा त्याच्या डोक्यावर 'कृषिदूत' असं छापलेली पांढरी टोपी होती, गळ्यात कॅमेरा होता आणि काखेत एक फाईल होती. फाईल कसली, वरवंट्याएवढी जाड. आवडीनं टोपीवरची अक्षरं पांडूकडून वाचून घेतली.

"यमाचा दूत ऐकला व्हता," ती म्हणाली, "ह्यो नवीनच निघाला."

फाईलमध्ये सगळ्याला रकाने होते. कोंबड्या किती, त्यातल्या अंडी देणाऱ्या किती, शेण कुठं टाकता, रेडिओ ऐकता का. एके दिवशी त्यानं पेन उघडून विचारलं, "मावशी, शेती करण्यामागची तुमची उद्दिष्टं काय?"

"पोट," आवडी म्हणाली.

त्यानं तेही लिहून घेतलं. 'उदरनिर्वाह' असं.

पोरगा वाईट नव्हता. जेवलेलं ताट स्वतः घासायचा, ओटीवर घोंगडी टाकून झोपायचा, बारीक अक्षर न दिसणाऱ्या पांडूला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. सकाळी आवडी उकड्या तांदळाची पेज करायची. तिचं माहेर खेड तालुक्यातलं, तिथनं ती सवय तिनं आणली होती. भात आधी उकडायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि मग गिरणीत भरडायला न्यायचं. महाडच्या घरी पांढऱ्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, भातावर वाढलेला मुकुल ती पेज दोन-दोन वाडगे प्यायचा. "मावशी, काय चव आहे हो!" म्हणायचा. कशाची आहे ते त्यानं कधी विचारलं नाही. पेजेला रकाना नसावा.

पण त्याला वाईट म्हणता येत नव्हतं, म्हणूनच आवडीला त्याचा जास्त राग यायचा. वाईट माणसाला चार शिव्या हासडता येतात. हा शिवी द्यायला जागाच ठेवत नव्हता, आणि वर सगळं समजावून सांगायचा. शेण असं कुजवा, गोठा असा झाडा, रोपं अशी धरा. रोपं कशी धरायची हे आवडीला! जिचं आयुष्य वाकून गेलं तिला हा उभ्या उभ्या सांगणार.

जूनचा पहिला आठवडा. आवडी वरच्या रानात टोपलंभर पालापाचोळा आणायला निघाली होती. मुकुलनं अंगणातून हाक दिली, "मावशी, आज बीजप्रक्रिया आहे. बियाणं कुठंय?"

"माळ्यावर हाय. मी आले की काढून देते. थांब जरा."

पण थांबतो कसला. फाईलमध्ये त्या दिवसाची तारीख पडली होती, आणि शेजारच्या कोंडातले त्याचे दोन मित्र मदतीला आणि फोटोला आले होते. तो शिडी लावून माळ्यावर डोकावला. तिथं त्याला पेंढ्याचे गोळे दिसले. गुरांची वैरण असणार, असं त्यानं ठरवलं आणि खाली उतरला. ओटीच्या कोपऱ्यात पोतं होतं. उघडून बघतो तर भात! सोनेरी, वाळलेलं, टरफलासकट. हेच बियाणं. चार वर्षं शिकलेल्या तीन पोरांनी त्या पोत्यात हात घातले आणि तिघांपैकी एकालाही ते तीन दिवसांपूर्वी हंड्यात रटरटून निघालंय, गिरणीच्या वाटेवर आहे, हे कळलं नाही. पोरांनी पुस्तकात भाताच्या पानाचा आडवा छेद काढला होता. भात शिजतं हे त्या पुस्तकात नव्हतं.

आवडी डोक्यावरचं टोपलं उतरवते तर अंगणात हा सोहळा. बादलीत मिठाचं पाणी, पाण्यात भात, एक जण ढवळतोय, एक जण फोटो काढतोय, मुकुल फाईलवर लिहितोय. तिची नजर आधी ओटीच्या कोपऱ्यात गेली. पोतं उघडं. तिनं वाकून बादलीतला एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. कच्चा दाणा पांढरा पिठूळ फुटतो. हा काचेसारखा टणक लागला. उकडा. शंका नाही.

"अरे मुकुल—"

"एक मिनिट हं मावशी, फोटो चाललाय." मग त्यानं पाण्यावर तरंगणारं भात ओंजळीत घेतलं आणि तिच्यापुढं धरलं. "हे बघा. किती तरंगतंय बघा. तुमचं जवळजवळ निम्मं बियाणं पोचट आहे. परंपरेनं ठेवलेल्या बियाण्याचं असंच होतं." आणि तिचा चेहरा बघून तो अगदी मायेनं म्हणाला, "तुमचा दोष नाही, मावशी. तुम्हाला कोणी शिकवलंच नाही ना."

आवडीचं उघडलेलं तोंड मिटलं.

त्यानं तिला अडाणी म्हटलं असतं तर तिनं त्याला त्याच बादलीत बुडवला असता आणि सगळं तिथंच संपलं असतं. पण दोष नाही म्हणे! माफी दिली कारट्यानं. तिच्या अंगणात, तिच्या ओटीवर राहून, तिला माफी. तिच्या डोक्यात सणक गेली ती थेट पायापर्यंत.

"बरोबर हाय बाबा," ती म्हणाली. "आमी काय, आडाणी. चालू दे तुजा."

रात्रीचं जेवण वाढताना तिनं पांडूला हळूच सगळं सांगितलं. मुकुल मित्रांना पोचवायला खालच्या वाटेपर्यंत गेला होता. पांडूचा हात ताटातच थांबला.

"सांग गो त्याला."

"कशाला? चार वर्षं शिकलाय ना? कळंल."

"आवडे, पोरगा हाय तो. आपल्याकडं जेवतोय."

"तेच तर! रोज उकड्याची पेज ढोसतो नि उकडा वळखत नाय. इचारू दे मला. इचारलान की सांगीन. आठ दिवसांनी येईल मावशी मावशी करत, मग सांगीन, हसंन नि माझ्या वाफ्यातली रोपा देईन काढून. माझा काय जातंय?"

पांडूनं ताट सारलं. त्यानं बशीत चहा ओतला आणि ओढला. आवडीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पेरणी. मुकुलनं दोऱ्या ताणून, फूटपट्टी लावून गादीवाफे केले. एवढे सरळ वाफे जांभुळकोंडात कोणी बघितले नव्हते. उकडा पुरायला एवढी सरळ जागा कोणाला मिळाली नसेल. वाफ्याच्या कडेला त्यानं रंगवलेली पाटी ठोकली. प्रात्यक्षिक, सुधारित रोपवाटिका, खाली त्याचं नाव, आणि त्याखाली 'यजमान शेतकरी : सौ. आवडी पांडू उतेकर'. मग तो म्हणाला, "मावशी, पहिली मूठ तुम्ही टाका. तुमचा मान."

आता पहिल्या मुठीचं असं, की त्या डोंगरात ती मूठ टाकताना कोणी बोलत नाही. बाई पायांतलं काढते, डोक्यावर पदर घेते, रानाच्या राखणदार देवाचं नाव घेते आणि मगच हात उघडते. आवडीनं तीस पावसाळे तसंच केलं होतं. आज तिनं पदर घेतला नाही, नाव घेतलं नाही. उकड्याची मूठ हातात घेतली आणि तिच्या पोटातून हसू वर यायला लागलं, काही केल्या दाबेना. समोर टोपीवाला दूत गंभीर चेहऱ्यानं कॅमेरा लावून उभा. "हं मावशी, इकडं बघा, टाका!" तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हसत हसत मूठ सोडली. फोटो निघाला.

दाणे मातीवर पडले तेव्हा तिला क्षणभर कसंसंच झालं. मेलेला दाणा जमिनीच्या तोंडी घालायचा नसतो, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. पण हसू जोरात होतं. संध्याकाळी वरच्या वाफ्यावर तिनं मुडी सोडली, पदर घेतला, राखणदाराचं नाव घेतलं आणि आपलं खरं बी टाकलं. झालं म्हणाली, फिटलं.

आठ दिवसांत तिचा वाफा हिरवागार झाला. दूताचा वाफा सरळच्या सरळ आणि बोडका. येणारा-जाणारा थांबायचा, पाटी वाचायचा, विचारायचा, "काय रे दूता, कवा काढतोस कोंब? हिवाळ्यात?" उकड्याची गोष्ट आवडी आणि पांडू सोडून कोणाला ठाऊक नव्हती, पण बोडका वाफा सगळ्यांना दिसत होता. आवडीला अशी मजा बऱ्याच वर्षांत आली नव्हती. चुलीपुढं बसून ती एकटीच हसायची.

दहाव्या दिवशी मुकुलनं बोटानं माती उकरली. दाणे फुगून कुजले होते, वास येत होता. तो मातीच्या हातांनी तसाच घरात आला. चेहरा एवढासा झाला होता.

"मावशी," तो म्हणाला, "पाणी जास्त झालं असेल का हो? माझं काय चुकलं असेल?"

बघा, विचारलं. ज्याची आवडी वाट बघत होती ते पोरानं विचारलं. आणि आवडीच्या जिभेवर काय आलं? "मी काय सांगू बाबा? मला कोणी शिकवलाच नाय."

पांडूनं तोंड फिरवलं. मुकुल तसाच मागं फिरला, छत्री घेतली आणि पोलादपूरला एसटीडीच्या दुकानातून विद्यापीठातल्या सरांना फोन करायला गेला.

सर जीपमधून आले. वीस मिनिटं थांबले, त्यातली पंधरा फाईल चाळण्यात गेली. वाफ्याकडे त्यांनी ओटीवरूनच बघितलं. चिखल होता, बूट नवे होते.

"बाई, बी कशात ठेवता तुम्ही?" त्यांनी चहा घेताना विचारलं.

"मुडीत," आवडी ताठ मानेनं म्हणाली. "पेंढ्याच्या मुडीत. सासूच्या सासूपासना."

"बघ," सर मुकुलला म्हणाले, "लिही." आपण बी पोत्यातनं घेतलं होतं हे ध्यानात न येता मुकुलनं लिहिलं. सरांनी मान डोलावली. आवडीला वाटलं आपली तारीफ चाललीय. तिनं सरांना आणखी एक कप चहा दिला.

पुढं लावणीला आवडीनं आपल्या वाफ्यातली उरलेली रोपं मुकुलला देऊन टाकली. मोठेपणा दाखवायचा तर पुरता दाखवावा. त्यानं ती दोरी धरून ओळीत लावली आणि भात असं तरारून आलं की बघत राहावं. फाईलमध्ये त्याचं कारण दोरी असं पडलं.

नवरात्राच्या आधी पोलादपूरच्या सभागृहात शेतकरी मेळावा भरला. पोरांनी चार महिन्यांत काय केलं ते मांडायचं आणि यजमान शेतकऱ्यांना शाल-नारळ द्यायचा. आवडी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गेली. पाचही कोंडांतली माणसं आली होती. घाटावरच्याही दोन-तीन गावांतली होती. तिच्या शेजारी खालच्या कोंडची सोनाबाई बसली. सोनाबाई वीस वर्षं तिचं बी नेत होती. दोघींत पानाची चंची एकच.

मुकुल इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. मागं भिंतीवर भला मोठा तक्ता, आणि तक्त्याच्या मधोमध फोटो. त्यात आवडी मूठ टाकत होती. डोक्यावर पदर नाही, आणि तोंडभर हसू. पाच कोंडांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. ती थोडी लाजली, थोडी फुगली.

"यजमान शेतकरी सौ. आवडी पांडू उतेकर यांच्या पारंपरिक बियाण्याची चाचणी," मुकुल वाचायला लागला. "साठवणूक, भाताच्या पेंढ्याची मुडी. बीजप्रक्रिया शास्त्रीय पद्धतीनं. उगवण, शून्य टक्के. निष्कर्ष, मुडीत साठवलेलं स्थानिक बियाणं पेरणीस अयोग्य."

"फार महत्त्वाचं निरीक्षण आहे," सर व्यासपीठावरून म्हणाले. "तेव्हा मंडळी, घरचं बी, शेजारणीचं बी हे आता बंद करा."

शून्य हा शब्द आवडीला कळत होता. तो तिच्या नावापुढं लागलेला तिनं जन्मात ऐकला नव्हता. घाटावरची माणसं एकमेकांच्या कानाला लागली. सोनाबाईनं कोपरानं ढोसलं, "गो आवडे, काय बोलतोय ह्यो? आमचा तर सगळा उगवला."

आवडी उठली. लुगड्याचा काष्टा सारखा केला आणि तिथनंच गरजली, "ओ सायब! थांबा जरा. तो बी नव्हता! उकडा व्हता, उकडा! पेजेचा! ह्या शाण्यानं गिरणीत न्यायचा पोता फोडलान नि शिजलेला भात पेरलान! नि शून्य माझ्या नावावर?"

आधी कोणाला कळेना. मग कळलं, आणि सभागृह फुटलं. माणसं मांड्यांवर थापा मारून हसायला लागली. "उकडा पेरला! आरे देवा! मग खीर उगवायची व्हती!" मुकुलचा चेहरा मडक्यासारखा लाल झाला. सर फाईल उघडून बघत राहिले, जणू तिथं एखादा रकाना सापडणार होता. आवडी कमरेवर हात ठेवून उभी होती. चार महिने दाबून ठेवलेलं हसू आता सगळ्या गावाच्या तोंडून निघत होतं. एवढी मोठी ती कधीच झाली नव्हती.

सोनाबाईही हसत होती. हसता हसता तिनं विचारलं, "नि तुला कवा कळला गो?"

"मला? तवाच! दाताखाली धरला नि कळला."

"तवाच म्हंजे? पेरायच्या आदी?"

"मग! बादलीत व्हता तवाच!"

सोनाबाईचं हसू थांबलं. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग आवडीकडे, मग पुन्हा फोटोकडे. तिच्यामागच्या बाईनंही बघितलं. हसणं रांगेरांगेनं विझत गेलं.

"म्हंजे तुला ठावा व्हता," सोनाबाई म्हणाली. "नि तू पयली मूठ टाकलीस. हसत."

आवडीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं मला असं म्हटलं, त्यानं मला तसं म्हटलं, हे सगळं तिच्याकडे होतं. पण भिंतीवर दोन फूट उंचीची आवडी उघड्या डोक्यानं मेलेला दाणा जमिनीत टाकत हसत होती, आणि तिच्यापुढं खालच्या आवडीचं काही चालेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुकुल व्यासपीठावरून उतरून तिच्याजवळ आला. "मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, पण सगळे गप्प असल्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "मी विचारलं होतं हो तुम्हाला. माझं काय चुकलं, म्हणून विचारलं होतं."

ह्या पोराचा तिला तेव्हा आला तेवढा राग कधी आला नव्हता, कारण तो खरं बोलत होता. शरमेनं तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या.

"वेळ कमी आहे," सर म्हणाले. "पुढचा अहवाल." शाल-नारळ मात्र आवडीला मिळाला. नाव छापून झालं होतं. परतीच्या एसटीत सोनाबाई पुढच्या बाकावर बसली आणि पानाची चंची तिच्याकडेच राहिली.

मुकुलचा अहवाल टाईप होऊन गेला होता, तो काही बदलला नाही. तो पहिल्या वर्गात पास झाला आणि पुढं कुठल्याशा बँकेत शेतकी अधिकारी म्हणून लागला. आता पीककर्जाच्या अर्जावर बियाणं कसलं ते तोच तपासणार. पळसाला पानं तीनच. जाताना तो आवडीच्या पाया पडून गेला, आणि दिवाळीत त्यानं तो फोटो पोस्टानं पाठवला, चौकटीत घालून. पांडूनं तो खिळ्याला लावायला घेतला तर आवडीनं हातातून ओढून घेतला आणि ट्रंकेच्या तळाशी पालथा घातला.

वैशाख आला. माळ्यावर मुड्या तयार होत्या, दरवर्षीपेक्षा दोन जास्तच. आवडी रोज ओटी सारवून वाटेकडे तोंड करून बसायची. चार दिवस गेले, आठ गेले. खालच्या वाटेनं माणसं पोलादपूरकडे जाताना दिसायची आणि येताना डोक्यावर छापील पिशव्या असायच्या. बी वाईट आहे असं कोणीच म्हणत नव्हतं. मागच्या साली सगळ्यांचं उगवलंच होतं. आवडीनं पांडूला तसं बोलून दाखवलं, "बी तोच हाय. माणसांना काय झाला?"

"बी तोच हाय," पांडू म्हणाला.

वैशाखी पौर्णिमेला सोनाबाई आली. आवडीला एवढा आनंद झाला की ती चहा ठेवायला धावली, मग अर्ध्यातून परत आली आणि स्वतः शिडी चढून सगळ्यात चांगली मुडी खाली आणली. दोरी सोडली. तांबडं भात ओटीवर पसरलं, निवडलेलं, सुकं, लखलखीत.

सोनाबाईनं ढिगाकडे बघितलं. मग तिनं हात पुढं केला, एक दाणा उचलला, आवडीच्या डोळ्यांदेखत दाताखाली धरला आणि कट्कन फोडला.

आवडीच्या ओटीवर बसून असं कोणी कधी केलं नव्हतं. आत चुलीशी बसलेल्या पांडूनंही तो आवाज ऐकला. एरवी आवडीनं त्या माणसाला पायरीवरून खाली उतरवला असता, सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

"राग नको मानूस गो," सोनाबाई खाली बघत म्हणाली.

आवडीनं ढिगातला आणखी एक दाणा निवडला, आपल्या हातानं सोनाबाईच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाली, "एकानं कळायचा नाय. आणीक एक बघ."